सहा व्होल्टांचा ट्रॅक्टर बारा व्होल्टांवर

आमच्या शाळेंत येणारीं बहुतेक मुलें शेतकऱ्यांचीं आहेत. त्यामुळें वर्गांत विजेचा धडा चालला असतां पुस्तकांत छापलेल्या उदाहरणांपेक्षां त्यांच्या घरच्या गोठ्यांतलीं नि शेतांतलीं उदाहरणें आम्हांस अधिक उपयोगी पडतात. असें एक उदाहरण गेल्या वर्षीं आपण होऊन आमच्याकडे चालत आलें. चालत आलें हें म्हणणेंही तितकेंसें खरें नव्हे. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरास साखळीनें बांधून तें ओढीत आणावें लागलें.

परतूर तालुक्यांतील एका खेड्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या आजोबांजवळ फोर्ड कंपनीचा ‘८ एन्’ जातीचा जुना ट्रॅक्टर आहे. त्यांनीं तो फार वर्षांपूर्वीं एका लिलावांत घेतला. हा ट्रॅक्टर अमेरिकेंत १९४७ पासून १९५२ पर्यंत बनत असे, आणि तेवढ्या काळांत तो पांच लाखांहून अधिक संख्येनें बाहेर पडला. वरचा पत्रा फिकट करडा, पोट लाल, चार सिलिंडरांचें सुमारें दोन लिटरचें पेट्रोल इंजिन, आणि विजेचें सर्व सामान ६ व्होल्टांचें. आपल्या काळ्या जमिनींत खोल नांगरटीस तो आजच्या ट्रॅक्टरांपुढें थिटा पडतो. तथापि पाण्याची टाकी ओढणें, रानांतून कडबा आणणें, असलीं कामें तो अद्याप करतो, आणि आजोबांचा त्याजवर मुलासारखा जीव आहे.

त्यांत खोड एकच होती. सकाळीं सेल्फ मारला कीं तो एकदां कण्हल्यासारखा आवाज करी आणि गप्प बसे. मग आजोबा पुढें जाऊन हँडल मारीत. एके दिवशीं हँडल उलटें फिरलें आणि त्यांचें मनगट मोडलें. असें कां होतें तें आधींच सांगून ठेवतों. इंजिनांतील दट्ट्या वर पोंचण्याच्या किंचित् अगोदर ठिणगी पडावी अशी योजना असते; इंजिन वेगानें फिरत असतां तें योग्यच असतें, परंतु हातानें सावकाश फिरविलें असतां दट्ट्या वर जाण्यापूर्वींच स्फोट होतो आणि तो दट्ट्यास, व त्याबरोबर हँडलास, मागें फेंकतो. म्हणून हँडल धरतांना आंगठा मुठीच्या विरुद्ध बाजूस न घेतां बोटांच्याच बाजूस ठेवावा, आणि दांडा खालीं दाबण्याऐवजीं वर ओढावा. ज्यांच्या घरीं हँडलाचें इंजिन आहे त्या मुलांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें.

आजोबांचा हात गळ्यांत अडकलेला पाहून नातवानें ठरविलें कीं, आतां हँडलाची गरजच राहूं द्यावयाची नाहीं. त्यानें एका ओळखीच्या कारागिराकडून ६ व्होल्टांची बॅटरी काढून तेथें सरळ १२ व्होल्टांची बसवून घेतली. दुसरें कांहीं एक बदललें नाहीं. दोन दिवस ट्रॅक्टर चाबूक मारल्यासारखा सुरू होई. मात्र दिवे पहिल्याच रात्रीं एकदम लख्ख पेटले आणि विझले. आणि तिसऱ्या दिवशीं कॉइल तापून तिच्यांतून डांबर गळूं लागलें, व शेताच्या मध्यभागीं इंजिन बंद पडलें. मग त्या मुलानें आमच्याजवळ येऊन जो प्रश्न विचारला तो आम्हांस फार आवडला. तो म्हणाला, “सर, जोर दुप्पट दिला तर काम दुप्पट चांगलें व्हायला पाहिजे होतें. जळलें कां?”

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं प्रथम व्होल्ट म्हणजे काय तें पाहूं. शेतांतील पाण्याची टाकी जितकी उंच चौथऱ्यावर ठेवावी तितक्या जोरानें नळींतून पाणी येतें. ही टाकीची उंची म्हणजे विजेचा दाब. तो व्होल्टांनीं मोजतात. नळींतून वाहणारें पाणी म्हणजे प्रवाह. तो अँपियरांनीं मोजतात. नळी बारीक असली, किंवा ठिबकाच्या नळीसारखी क्षारानें अर्धी बुजली असली, तर पाण्यास जी अडवणूक होते तो रोध. तो ओहमांनीं मोजतात. दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह निघतो. बॅटरींतील शिशाच्या प्रत्येक घराचा दाब सुमारें २ व्होल्ट असतो. तीन घरांची ती ६ व्होल्टांची, आणि सहा घरांची ती १२ व्होल्टांची. पुरी भरलेली सहा घरांची बॅटरी मोजून पाहिली तर ती सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते.

आतां कॉइलकडे वळूं. ६ व्होल्टांच्या कॉइलमधील जाड तारेच्या वेटोळ्याचा रोध सुमारें दीड ओहम असतो. ६ भागिले दीड म्हणजे ४ अँपियर. तेवढा प्रवाह कॉइलला सोसतो, आणि ज्या पॉइंटांच्या उघडझांपेनें ठिणगी पडते त्यांनाही सोसतो. त्याच कॉइलवर १२ व्होल्ट लावले कीं प्रवाह ८ अँपियर होतो. येथवर दुप्पट झालें. परंतु उष्णता ही दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पूर्वीं ६ गुणिले ४ म्हणजे २४ वॅट होती, ती आतां १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट झाली. दाब दुप्पट, उष्णता चौपट! चोवीस वॅटांसाठीं बनविलेली डबी शहाण्णव वॅटांवर किती दिवस टिकणार? दिव्यांचीही गत तीच. जोर दुप्पट झाला हें त्या मुलाचें म्हणणें खरें होतें; पण तो जोर ज्यांस झेलावयाचा होता त्यांचा रोध पूर्वींचाच राहिला, हें कोणी पाहिलेंच नाहीं.

मग शहाण्या लोकांनीं ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्ट धरले ते कशासाठीं? ह्याचें मर्म ट्रॅक्टरांत नसून तारेंत आहे. ३६ वॅटांचा दिवा ६ व्होल्टांवर लावावयाचा तर ६ अँपियर प्रवाह लागतो. तितक्याच प्रकाशाचा १२ व्होल्टांसाठीं बनविलेला दिवा ३ अँपियरांत भागवितो. वाटेंत कोठें तरी गंजलेला एक सांधा आहे आणि त्याचा रोध एक दशांश ओहम आहे असें समजा. पहिल्या दिव्याच्या वाटेंत तो सांधा ०.६ व्होल्ट खातो, म्हणजे सहांतला दहावा हिस्सा. दुसऱ्याच्या वाटेंत ०.३ व्होल्ट खातो, म्हणजे बारांतला चाळिसावा हिस्सा. सांधा तोच, गंज तोच, पण चोरी दशमांशावरून चाळिसाव्या हिश्श्यावर आली. वीज दूर नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवर लाखो व्होल्टांचा दाब ठेवतात तो ह्याच हिशेबानें. अमेरिकेंतील मोटारींचीं इंजिनें मोठीं व अधिक दाबाचीं होऊं लागलीं तेव्हां तीं फिरविण्यास ६ व्होल्टांचा स्टार्टर अपुरा पडूं लागला, आणि १९५३ ते १९५६ या चार वर्षांत तेथील बहुतेक मोटारी १२ व्होल्टांवर गेल्या. डिझेल इंजिनाची गोष्ट तर आणखीच कठीण. त्यांत हवा पेट्रोल इंजिनापेक्षां दुपटीहून अधिक दाबावी लागते. आपल्याकडे १९६३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियानें मुंबईस कांदिवली येथें बी-२७५ हा डिझेल ट्रॅक्टर काढला तो १२ व्होल्टांचाच होता. यामुळेंच आमच्या पालकांपैकीं बहुतेकांनीं ६ व्होल्टांचा ट्रॅक्टर डोळ्यांनींही पाहिलेला नसेल. त्यांस ६ व्होल्ट आठवत असतील ते जुन्या स्कूटरचे किंवा मोटारसायकलचे. ब्रेक दाबला कीं पुढचा दिवा मंद होई, ती गाडी!

परतूरच्या वडील मंडळींस दुसरेंही एक उदाहरण आठवावें. आमच्या गांवावरून जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यांत १९०० सालच्या सुमारास झाला, आणि पुढें किती तरी वर्षें तो मीटरगेजच होता. त्या काळच्या गाडींत रात्रीं बसलेल्यांस माहीत आहे कीं, गाडी धांवत असतांना डब्यांतले दिवे बरे जळत, आणि स्टेशनांत थांबली कीं पिंवळे पडत. डब्याखालीं आंसावरून पट्ट्यानें फिरणारा डायनमो असे आणि जोडीस बॅटरी असे. डायनमो थांबला कीं सर्व भार बॅटरीवर पडे. त्या जुन्या डब्यांत २४ व्होल्टांची योजना असे. डब्यांत दिवे वाढले, पंखे वाढले, तसा रेल्वेनें तो दाब ११० व्होल्टांवर नेला. पण नेला तेव्हां दिवेही ११० व्होल्टांचे बसविले आणि पंखेही. नुसती बॅटरी बदलून रेल्वे घरीं गेली नाहीं.

असो. ट्रॅक्टर शाळेच्या आवारांत आला तेव्हां आम्हीं प्रथम १२ व्होल्टांचा विषय बाजूस ठेवला. आम्हांस विचारावयाचें होतें तें हें कीं, मुळांत ६ व्होल्टांवर तो सुरू कां होत नव्हता? हाच ट्रॅक्टर कारखान्यांतून निघाला तेव्हां, आणि पुढेंही कित्येक वर्षें, सहाच व्होल्टांवर सुरू होत होता ना! घरीं पडून असलेली जुनी बॅटरी मागवून ती सावकाश चार्ज केली आणि पुन्हां जोडली. मग मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या भूमीकडील टोंकावर व दुसरी स्टार्टरच्या अंगावर धरून मुलास सेल्फ दाबावयास सांगितलें. हीं दोन्ही ठिकाणें जाड तारेनें व ट्रॅक्टरच्या लोखंडानें जोडलेलीं. तेव्हां त्यांमध्यें दाबाचा फरक जवळजवळ शून्य असावा. मीटरनें दीड व्होल्ट दाखविले. म्हणजे सहांपैकीं दीड व्होल्ट, चौथा हिस्सा, स्टार्टरपर्यंत पोंचण्यापूर्वींच संपत होता.

तार सोडवून पाहिली. ती मूळची नव्हतीच. केव्हां तरी कोणी तरी १२ व्होल्टांच्या गाडीची बारीक तार तेथें आणून लाविली होती. तिच्या टोंकाखालीं रंग, गंज आणि पांढरी बुरशी यांचा थर होता. स्टार्टर फिरूं लागतांना दोनशें अँपियरांच्या आसपास प्रवाह मागतो. तेथें एक शतांश ओहमचा रोधही २ व्होल्ट गिळून टाकतो. आम्हीं लोखंड पॉलिश पेपरनें चकाकेपर्यंत घांसलें, टर्मिनलवरील बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुतली, आणि पूर्वींच्या दुपटीहून जाड तार बसविली. त्याच जुन्या बॅटरीवर इंजिन असें भराभर फिरलें कीं आजोबा आपला प्लॅस्टरांतला हात विसरून उठून उभे राहिले.

हें त्यांच्या देखत झालें याचें आम्हांस पुढें थोडें वाईट वाटलें. मनगट मोडलें तें सहा व्होल्टांनीं नव्हे, बोटभर गंजानें, हें कळून त्यांस काय वाटलें असेल? ते बोलले नाहींत. ज्यांच्याजवळ जुनें यंत्र आहे त्या पालकांस आमची विनंती हीच आहे कीं, दाब वाढविण्याचा विचार मनांत आला तर प्रथम दोन तास सांधे घांसण्यांत घालवा. पुष्कळदां तेथेंच काम संपतें, आणि खर्च पॉलिश पेपराचा होतो.

आमचें काम मात्र तेथें संपलें नाहीं. त्या जुन्या बॅटरीचें एक घर मरत आलें होतें. ६ व्होल्टांची मोठी बॅटरी परतुरांत मिळेना, जालन्यास विचारलें तेथेंही लगेच मिळेना; १२ व्होल्टांची हव्या त्या दुकानांत. कॉइल जळालेलीच होती, आणि डायनमो झिजून चार्जिंग नीट करीत नव्हता. तेव्हां आतां मात्र १२ व्होल्टांवर जाणेंच शहाणपणाचें, असें ठरलें.

कॉइल १२ व्होल्टांची घेतली. तिच्या वेटोळ्याचा रोध सुमारें ३ ओहम असतो. १२ भागिले ३ म्हणजे पुन्हां ४ अँपियर, आणि पॉइंटांस कांहीं बदलल्याचा पत्ताही लागत नाहीं. बाजारांत १२ व्होल्टांच्या नांवानें कांहीं कॉइली अशाही मिळतात कीं त्यांबरोबर बाहेरून एक रोधक जोडावा लागतो. म्हणून विकत घेतांना रोध मोजूनच घ्यावी, दुकानदाराच्या शब्दावर घेऊं नये. दिव्यांचे बल्ब सर्व बदलले. तारा मात्र जेथें सुस्थितींत होत्या तेथें तशाच ठेविल्या, कारण ६ व्होल्टांसाठीं घातलेली जाड तार १२ व्होल्टांच्या निम्म्या प्रवाहास पुरून उरते. उलट प्रकार कधींही करूं नये. तो कसा अंगावर येतो तें वर सांगितलेंच आहे.

स्टार्टर आम्हीं बदलला नाहीं. ६ व्होल्टांचा स्टार्टर १२ व्होल्टांवर निम्मा प्रवाह घेईल असें कोणीं समजूं नये. त्याचा रोध तोच असल्यामुळें तो उलट जास्तच घेऊं पाहतो, आणि त्याचें दांतेरी चाक इंजिनाच्या चाकावर जोरानें आदळतें. परंतु तो दोन-तीन सेकंदांपुरताच चालतो, तेवढ्यांत तापत नाहीं, म्हणून ह्या ट्रॅक्टरांवर तो तसाच ठेवण्याचा प्रघात आहे. इंजिन सुरू होत नसल्यास मिनिटभर सेल्फ दाबून धरणें मात्र आतां वर्ज्य. हें आम्हीं नातवास तीनदां बजाविलें आहे, कारण तो उतावळा आहे.

खरी गंमत पुढेंच आहे. ह्या ट्रॅक्टरांत बॅटरीचें धन टोंक ट्रॅक्टरच्या लोखंडास, म्हणजे भूमीस, जोडलेलें असतें; हल्लींच्या सर्व गाड्यांत ऋण टोंक जोडतात. डायनमोच्या जागीं आम्हांस आल्टरनेटर बसवावयाचा होता. तो एका लहान मोटारीचा, भंगारांतून आणलेला, पण तपासून घेतलेला होता. त्याच्या पोटांत डायोड असतात, म्हणजे प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देणाऱ्या झडपा. बॅटरी उलटी जोडली गेली तर त्या क्षणार्धांत जळतात. म्हणून भूमीस ऋण टोंक जोडणें प्राप्त झालें.

टोंकांची अशी अदलाबदल झाली तर स्टार्टर उलटा फिरेल कीं काय, अशी शंका वर्गांतील एका मुलीनें काढली. शंका उत्तम होती. पण ह्या स्टार्टरांत स्थिर चुंबकही विजेचाच आणि फिरणाराही विजेचाच. प्रवाह उलटला कीं दोघांचेही ध्रुव एकदमच उलटतात, आणि त्यांची एकमेकांस ढकलण्याची दिशा पूर्वींचीच राहते. दिव्यांस दिशेचें सोयरसुतक नाहीं. अँपियरमापकास आहे; त्याच्या दोन तारा अदलून बदलून लाविल्या नाहींत तर चार्जिंग होत असतां तो खर्च दाखवील. कॉइललाही आहे. प्लगाच्या मधल्या, सदैव तापलेल्या, टोंकापासून इलेक्ट्रॉन बाहेर पडले तर ठिणगी कमी दाबावर पडते. सबब तेथें ऋण दाब पोंचावा अशा रीतीनें कॉइलच्या तारा लावतात. भूमि ऋण असेल तर कॉइलचें धन टोंक चावीकडे आणि ऋण टोंक पॉइंटांकडे.

सर्व जोडून झालें. इंजिन सुरू झालें, बॅटरीवर मीटर १४ व्होल्ट दाखवूं लागला, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मग चावी बंद केली, आणि इंजिन बंद होईना! मुलांस हंसूं आवरेना. आम्हांस मात्र घाम फुटला. शेवटीं चोक ओढून त्याचा श्वास कोंडला तेव्हां तें थांबलें. कारण असें कीं, आल्टरनेटर जागा करण्यासाठीं चावीकडून एक बारीक तार त्यास दिलेली असते. इंजिन चालू असतां चावी बंद केली तरी आल्टरनेटर त्याच तारेंतून उलट दिशेनें कॉइलला वीज पोंचवीत राहतो. त्या तारेंत एक डायोड, किंवा मोटारींत असतो तसा चार्जिंगचा लहान दिवा, घातला कीं ही खोड जाते. आम्हीं दिवा घातला. तो चार्जिंग बंद पडल्याचीही सूचना देतो, म्हणून आम्हांस अधिक पसंत.

विद्यार्थ्यांस दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या आहेत. बॅटरी सोडवितांना भूमीची तार प्रथम काढावी आणि जोडतांना ती शेवटीं लावावी, म्हणजे हातांतील पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तो पेटला तर बॅटरी फुटते आणि तींतील आम्ल डोळ्यांत जातें. वडील माणूस जवळ असल्याशिवाय यांतील एकाही कामास हात लावूं नये.

काम आटोपल्यावर बॅटरीच्या पेटीवर पांढऱ्या रंगानें ठळक अक्षरांत ‘१२ व्होल्ट, भूमि ऋण’ असें लिहविलें. कारण उद्यां दुसरा कोणी कारागीर हा ट्रॅक्टर उघडील तेव्हां तो ८ एन् म्हणून ६ व्होल्ट आणि धन भूमि धरूनच चालेल. जुना डायनमो फडक्यांत गुंडाळून त्यावर चिठ्ठी बांधून आजोबांच्या घरीं माळ्यावर ठेविला आहे. एखाद्यास हा ट्रॅक्टर पुढें मूळ स्वरूपांत न्यावा असें वाटलें तर तो हाताशीं असावा. हँडल माळ्यावर ठेवूं देण्यास मात्र आजोबा तयार झाले नाहींत. तें अजून बैठकीखालीं, पूर्वींच्याच जागीं, दोरीनें बांधलेलें असतें.